एकाच लॉटची जोडी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे आणि या घडीला माझ्या डोक्यावर चहाचा कप आहे. कपाखाली बशी नाही, त्यामुळे माझ्या टाळूवर गोल गोल डाग पडले आहेत. तुमच्या निबंधाच्या पुस्तकातली छत्री, खुर्ची, सायकल आपली कहाणी सांगताना रडते. मी रडणार नाही. मला तशी सोय नाही. आणि ज्यांनी रडायला पाहिजे होते अशा तिघांपैकी एकानेच रडून घेतले, तेही आवाज न करता.

मला नॅस म्हणतात. नाव परके आहे, पण काम साधे आहे. घरातल्या किंवा लहान ऑफिसातल्या सगळ्यांनी आपल्या फायली, फोटो, आवाज एकाच ठिकाणी ठेवावेत म्हणून मला वायफायच्या डब्याला तारेने जोडतात. माझ्या पोटात दोन कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात एक हार्डडिस्क बसते. जे एकीवर लिहाल ते मी मुकाट्याने दुसरीवरही लिहितो. एक मेली तर दुसरीवर सगळे शाबूत राहते. एवढीच माझी हुशारी. बाकी मी पंखा लावलेला पत्रा आहे.

कारखान्यातून निघालो तो सीताबर्डीला ओमप्रकाशच्या दुकानात येऊन पडलो. आठ महिने वरच्या फळीवर धूळ खाल्ली. मग चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, अभिजीत आला. हुडकेश्वरला घराच्या समोरच्या खोलीत त्याचे साड्यांच्या डिझाइनचे ऑफिस. तो आणि त्याची बायको प्रणाली कॉम्प्युटरवर काठ-पदराचे नकाशे काढून हातमागवाल्यांना पाठवायचे. लॅपटॉप भरला होता, फोन भरला होता, आणि एकाची फाइल दुसऱ्याला सापडत नव्हती. त्याच्याबरोबर त्याचे वडील होते, ईश्वरदास. पन्नास वर्षे हातमागावर बसलेले विणकर. बापलेक थेट दवाखान्यातून आले होते. म्हाताऱ्याचा आवाज दोन महिन्यांपासून बसला होता आणि त्या दिवशी गळ्यातला तुकडा तपासायला दिला होता.

ओमप्रकाश दुकानदार म्हणून वाईट नव्हता. त्याने विचारायला पाहिजे ते विचारले. किती जण काम करता, महिन्याला किती वाढते, लाइट किती वेळा जाते. मग म्हणाला, "भाऊ, एक सांगा. जे ठेवून राहिले ते हरपलं तं पुन्हा भेटन्यासारखं आहे का?"

"डिझाइनी आहेत. पुन्हा बनवता येते," अभिजीत म्हणाला.

"मंग हा दोन कप्प्यांचा घ्या. पुरते तुमाले. डिस्क दिवसरात्र चालनाऱ्या घ्या, साध्या नोका घेऊ. अन् एक ध्यानात ठेवा, यात दोन डिस्क आहेत म्हंजे झालं असं नाई. तिसरी कॉपी दुसऱ्या कोनाच्या घरी ठेवायची. डबाच गेला तं?"

"ठेवू ना," अभिजीत म्हणाला. माझे पोट भरलेले होते तोवर तिसऱ्या कॉपीचा विषय पुन्हा निघाला नाही.

ओमप्रकाशने आतून दोन हार्डडिस्क आणल्या, मुद्दाम दोन वेगळ्या खोक्यांतून. काउंटरवर ठेवल्या. ईश्वरदासांनी चष्मा चढवला, एक उचलली, उलटी केली, चिठ्ठीवरची बारीक अक्षरे वाचली. मग दुसरी. सूत घेताना त्यांची आयुष्यभराची हीच रीत. एकाच वेळी, एकाच हंड्यात रंगवलेल्या सुताला ते एक लॉट म्हणत, आणि प्रत्येक बंडलाची चिठ्ठी पाहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसत. त्यांनी दोन्ही डिस्क काउंटरवर परत ठेवल्या.

"याचा लॉट अलग, त्याचा अलग," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "असं नाई चालत."

अभिजीतला हसू आले. त्याच्या ऑफिसचे इंटरनेटवर एक पान होते, त्यावर तो छोटे व्हिडिओ टाकायचा. त्याने लगेच फोन काढला. "बाबा, काय म्हनले? परत म्हना. इकडं पाहून म्हना."

म्हाताऱ्याने पोराच्या हौसेसाठी फोनकडे पाहिले, डिस्क हातात धरली आणि पुन्हा म्हटले, "दोन्ही एकाच लॉटचे पाहिजे. दोन लॉटचं सूत एका साडीत गेलं का उन्हात पट्टा दिसते. जोडी सारखी पाहिजे."

"काका, पन यात..." ओमप्रकाश बोलायला लागला.

अभिजीतने बोट वर केले. "एक मिनिट भाऊ, रेकॉर्डिंग चालू आहे."

ओमप्रकाश थांबला. रेकॉर्डिंग संपले तेव्हा दुसरे गिऱ्हाईक आले होते, आणि हे गिऱ्हाईक खूश होते. खूश गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवण्याची खोड ओमप्रकाशला नव्हती. त्याने आतून एकाच खोक्यातल्या दोन डिस्क आणल्या. पाठोपाठचे नंबर. ईश्वरदासांनी चिठ्ठ्या जुळवून पाहिल्या आणि मान हलवली. त्यांचे समाधान झाले. मलाही, खोटे कशाला बोलू, बरे वाटले. माझ्या पोटात जुळ्या बहिणी आल्या होत्या.

ओमप्रकाशचे अर्धे राहिलेले वाक्य मीच पुरे करतो, कारण त्याने ते कधीच केले नाही. एकाच दिवशी, एकाच धातूतून बनलेल्या दोन डिस्क एकाच डब्यात, एकाच उकाड्यात, सारखेच काम करत राहिल्या की सारख्याच थकतात. एकीचा दम सुटला की दुसरीचाही सुटत आलेला असतो. म्हणून जाणती माणसे दोन वेगळ्या लॉटच्या डिस्क घेतात. म्हाताऱ्याचा नियम साडीसाठी सोळा आणे खरा होता. माझ्या पोटात तो उलटा होता, आणि ते सांगणाऱ्याला पोराने बोट दाखवून गप्प केले.

तो व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा होता. लोकांना फार आवडला. म्हातारा हार्डडिस्कचाही लॉट बघतो, याचे जो तो कौतुक करत होता.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्याचा निकाल आला. गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागणार होती. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. शस्त्रक्रियेला एकोणीस दिवस होते.

आता या घराची एक रीत सांगतो, नाहीतर तुम्हाला काय गेले ते कळणार नाही. या घरात काठाची नक्षी कधी कागदावर काढत नसत. किती धागे उचलायचे, किती सोडायचे, ते तोंडाने मोजत. दोन उचल, एक सोड, तीन उचल, एक सोड, मागे फिर. ईश्वरदास बापाच्या मागाखाली बसून हे ऐकत मोठे झाले आणि स्वतः मागावर बसल्यावर तसेच मोजत राहिले. अशा एक्केचाळीस किनारी त्यांच्या तोंडात होत्या. डोक्यात नव्हत्या, हेही लक्षात ठेवा. मधेच थांबवून "पुढे काय" विचारले तर त्यांना सांगता येत नसे. पहिल्यापासून म्हणावे लागे, मग पुढचे आपोआप येई.

अभिजीत दवाखान्याच्या कागदांमागे धावत होता, म्हणून प्रणाली रोज त्यांच्यासमोर माइक घेऊन बसली. सासरा मोजायचा, ती ऐकायची. गळा दुखायचा, तो थांबायचा, पाणी प्यायचा, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. सतराव्या दिवशी एक्केचाळिसावी किनार झाली. प्रणालीने सगळे माझ्यात ठेवले आणि फोन भरला होता म्हणून फोनमधले पुसून टाकले. कशाला दोन ठिकाणी ठेवायचे, डब्यात दोन ठिकाणी असतेच की, असे ती म्हणाली. मी तेव्हा अभिमानाने फुगलो होतो. आता तो अभिमान आठवला की माझीच मला चीड येते.

नवव्या किनारीच्या मधेच म्हाताऱ्याला खोकला आला होता. मोजणे थांबवून तो म्हणाला होता, "प्रणाली, चहा मांड वं बेटा. घसा सुकला." प्रणालीने ते कापले नाही. राहू दिले.

शस्त्रक्रिया झाली. ईश्वरदास घरी आले ते गळ्यावर पांढरा रुमाल बांधून आणि हातात पोरांची पाटी घेऊन. प्रणालीने त्यांच्या फोनवर बेचाळीस बटणे करून दिली. बटण दाबले की आवाज माझ्याकडून जायचा. फोनमध्ये नुसते बटण, आवाज सगळा माझ्या पोटात. एक्केचाळीस बटणे किनारींची. बेचाळिसावे चहाचे.

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षे. सकाळी जेवण झाले की ईश्वरदास आतल्या खोलीत नमुन्याच्या लहान मागावर बसायचे. फोन मांडीशी. स्वतःचाच आवाज लावायचे आणि त्याच्या मापाने धोटा फेकायचे. ओठ हलत, आवाज माझा. म्हणजे त्यांचाच. दुपार झाली की बेचाळिसावे बटण दाबायचे, आणि आतल्या खोलीतून यायचे, "प्रणाली, चहा मांड वं बेटा. घसा सुकला." स्वयंपाकघरातून प्रणाली रोज ओरडायची, "मांडते मामाजी." पाहुणे असले की म्हातारा मुद्दाम दोनदा दाबायचा आणि खांदे हलवून हसायचा.

अभिजीत आलेल्या-गेलेल्याला सांगायचा, "आमच्या बाबांचा आवाज या डब्यात आहे." सांगताना माझ्या पाठीवर थाप मारायचा. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचे, झेंडूचे फूल मिळायचे. एक्केचाळीसपैकी सहा किनारी ऐकून त्याने कॉम्प्युटरवर उतरवल्या. त्या चांगल्या चालल्या. बाकीच्या पस्तीस फुरसत मिळाली की करणार होता. त्याला फुरसत मिळत होती, पण ती व्हिडिओ काढण्यात जात होती.

गेल्या वर्षी चार ऑगस्टला माझ्या पोटातली पहिली डिस्क मेली.

असे झाले की मी ओरडतो. त्यासाठीच मला आवाज दिला आहे, माझा स्वतःचा असा तेवढाच. बारीक, कानाला टोचणारा, न थांबणारा. आणि कपाळावरचा हिरवा दिवा नारिंगी होतो. त्या वेळी अभिजीत हैदराबादच्या एका व्यापाऱ्याशी व्हिडिओवर बोलत होता.

"हे काहून बोंबलून राहिलं?" तो फोन झाकून प्रणालीला म्हणाला.

"काय मालूम. पाहा ना काय म्हनते ते."

"मंग पाहतो. पयले बंद करतो." त्याने लॅपटॉपवर माझे पान उघडले. तिथे पहिल्याच ओळीत लिहिले होते की एक डिस्क गेली आहे, ताबडतोब बदला. ती ओळ त्याने वाचली की नाही हे मला माहीत नाही. आवाज बंद करायचे बटण मात्र त्याला बरोबर सापडले. मी अकरा मिनिटे ओरडलो होतो.

दिवा राहिला. त्याच खोलीत ते साड्यांचे फोटो काढत. दोन दिवसांनी एका टसरच्या साडीवर माझ्या दिव्याचा नारिंगी ठिपका पडायला लागला. अभिजीत म्हणाला, "या दिव्यावर काहीतरी लाव ना." प्रणालीने कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या दिव्यावर चिकटवली. मोठी होती, दिवा पूर्ण झाकला. फोटो छान आले.

असा मी सात आठवडे टिकली लावून बसलो. एकटी राहिलेली डिस्क सगळा भार ओढत होती. तिच्यातही आतून घरघर सुरू झाली होती. आतल्या खोलीतून रोज चहाची फर्माईश येत होती आणि मी ती पोहोचवत होतो. त्या सात आठवड्यांत कोणीही, कधीही, एक तास काढून सगळे दुसरीकडे उतरवून घेतले असते, तर ही कहाणी मला सांगावीच लागली नसती. मी कोणाला कसे सांगणार होतो? माझा आवाज त्यांनी बंद केला होता.

सप्टेंबरच्या चोवीस तारखेला एक फाइल उघडेना, तेव्हा अभिजीतने ओमप्रकाशला फोन लावला. ओमप्रकाशकडचा साहिल नावाचा मेकॅनिक नवी डिस्क घेऊन आला. मेलेली काढली, नवी बसवली. आता उरलेल्या जुन्या डिस्कला आपल्यातले सगळे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, वाचून नवीवर उतरवायचे होते. साडेतीन वर्षांत तिच्याकडून एवढी मेहनत एका दमात कोणी घेतली नव्हती. साहिल लॅपटॉपवर आकडा बघत बसला. वीस टक्के. चाळीस. ईश्वरदास दाराशी खुर्ची टाकून बसले होते. एकसष्टवर आकडा थांबला. माझ्या पोटात तीनदा टक, टक, टक झाले आणि दुसरी बहीणही गेली. नवीवर जे उतरले होते ते अर्धवट, कशाचा कशाला मेळ नसलेले, काही कामाचे नाही.

साहिलने दोन्ही जुन्या डिस्क हातात घेऊन चिठ्ठ्या वाचल्या. "दादा, या तं एकाच लॉटच्या आहेत. नंबर पाठोपाठचे. अशा कोनी देत नाई. एक गेली का दुसरी बी जाते."

अभिजीत बापाकडे वळला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते.

"ऐकलं बाबा? एकाच लॉटच्या. कोन म्हनलं होतं एकाच लॉटच्या द्या म्हनून? तो ओमप्रकाश अलग अलग देऊन राहिला होता. पन्नास वर्षं सूत पाहिलं म्हनून साऱ्या जगाचं समजते तुमाले." मग तो म्हणाला, "डॉक्टरनं एकदा गळा कापला. दुसऱ्यांदा तुमी स्वतःच कापला."

साहिल आपल्या बुटांकडे बघत राहिला. ईश्वरदासांनी पाटी मांडीवर घेतली. खडू दोनदा घसरला. त्यांनी लिहिले, "माही चूक." पाटी पोराकडे फिरवली आणि तशीच धरून बसले. त्याने वाचली, तरी त्यांनी खाली ठेवली नाही. मग त्यांचे डोळे भरून आले. शस्त्रक्रियेत गळ्याला ठेवलेल्या भोकातून नुसती हवा येत-जात होती. मित्रांनो, रडताना आवाज नसला की समोरच्याला लवकर तोंड फिरवता येते. अभिजीत लॅपटॉपकडे वळला.

डिस्क पुण्याला पाठवल्या. मेलेल्या डिस्कमधले काढून देणारी माणसे तिथे आहेत. तीन आठवडे म्हातारा रोज फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदा त्याने पाटीवर किनार लिहायचा प्रयत्न केला. दोन उचल, एक सोड, तीन उचल. तिथे अडला. पुसले, पुन्हा पहिल्यापासून लिहिले. पुन्हा तिथेच अडला. म्हणायला आवाज नव्हता, आणि म्हटल्याशिवाय पुढचे येत नव्हते. दोन दिवसांनी त्याने माग कापडाने झाकला.

पुण्याहून उत्तर आले की आतल्या तबकड्या ओरखडल्या आहेत, काहीही निघत नाही. डिस्क परत द्यायला साहिल आला, त्या दुपारी ईश्वरदास आत झोपले होते. डबा तरी ठीक आहे का बघू, म्हणून साहिलने मला लॅपटॉपला जोडले. डिस्क गेल्या तरी माझ्याकडे माझी स्वतःची थोडी आठवण असते. कधी काय झाले याची नोंद. त्याने ती उघडली.

"दादा," तो वाचता वाचता म्हणाला, "पयली डिस्क तं चार ऑगस्टलेच गेली होती. अलार्म बी वाजला. अकरा मिनिटांनी बंद केला, तुमच्याच नावानं."

अभिजीतने वाकून ती ओळ स्वतः वाचली.

"दुसरी तवा चालू होती. त्या सात हप्त्यांत एक कॉपी काढली असती तं सारं वाचलं असतं. लॉटचा सवालच नव्हता." मग त्याला माझ्या कपाळावरचे दिसले. "अन् हे काय चिकटवलं दिव्यावर?"

प्रणाली पुढे आली आणि तिने टिकली नखाने खरवडून काढली.

"साहिल, दार लोटून घे गा," अभिजीत हळूच म्हणाला. "बाबा झोपले आहेत."

साहिल गेल्यावर प्रणाली अभिजीतच्या खुर्चीपाशी आली. मग म्हणाली, "मामाजींले सांगा."

"काय सांगू?"

"का त्यायची चूक नोहे म्हनून."

"मंग कोनाची म्हनून सांगू? माही? बरं, सांगतो. अन् टिकली कोनाची होती ते बी सांगू?"

बोटावरची टिकली तिने पदराला पुसली.

"त्यायनं मानून घेतलं आहे," अभिजीत म्हणाला. "आता काहून खपली काढाची? सांगून आवाज तं वापस नाई येत."

आणि दोघांनी मिळून, एकमेकांकडे न बघता, त्या म्हाताऱ्याला आयुष्यभरासाठी दोषी ठरवून टाकले. मला त्या दोघांचा राग येतो. अभिजीतचा जास्त, पण प्रणालीचाही येतो, कारण सतरा दिवस तिनेच ते मोजणे ऐकले होते.

आता समोरच्या खोलीत चार कप्प्यांचा नवा डबा आहे. चार डिस्क, चार वेगवेगळ्या दुकानांतून आणलेल्या. तिसरी कॉपी प्रणालीच्या माहेरी आहे. अभिजीत या विषयातला जाणकार झाला आहे. कोणी ऑफिससाठी असा डबा घ्यायचा म्हणाले की तो त्यांना बसवून सगळे समजावतो, लॉट कसे वेगळे पाहिजेत ते सांगतो, आणि शेवटी फोनवर तो जुना व्हिडिओ लावून दाखवतो. बघा, आमच्या बाबांनी काय केले होते. माणसे हसतात, मग काय गेले ते कळले की हळहळतात. अभिजीतही त्यांच्याबरोबर हळहळतो.

असाच एकदा त्याने व्हिडिओ लावला आणि आतून ईश्वरदास उठून दाराशी आले. कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला होता. पाहुण्यांसमोर त्यांनी हात पुढे केला. अभिजीतला कळेना. त्यांनी हात तसाच धरला. शेवटी प्रणालीने त्यांच्या फोनमधली जुनी मुकी बटणे काढून टाकली आणि तो व्हिडिओ घालून दिला. एकच बटण. सगळ्या घरात म्हाताऱ्याचा तेवढाच आवाज उरला आहे.

मला रिकाम्या पोटाने आतल्या खोलीत आणून ठेवले आहे, म्हाताऱ्याच्या खाटेशी. माझ्यावर त्याचा कप, चष्मा आणि फोन राहतो.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी काहीतरी शिकवण असते. ती घ्या. दोन डिस्क वेगळ्या लॉटच्या घ्या. तिसरी कॉपी दुसऱ्याच्या घरी ठेवा. डबा ओरडला तर आधी काय म्हणतो ते वाचा, आणि त्याच्या दिव्यावर काही चिकटवू नका. हे सगळे अभिजीत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. कधी हुडकेश्वरला आलात आणि फाटकाशी गळ्याला रुमाल बांधलेला म्हातारा दिसला, तर त्याला चार ऑगस्टचे सांगा. अलार्म वाजला होता, सात आठवडे हातात होते, तुमची चूक नव्हती, एवढेच सांगा. त्याला ऐकू येते. फक्त कोणी सांगत नाही.

दुपार झाली आहे. समोरच्या खोलीत अभिजीत कोणाशी तरी बोलतो आहे. ईश्वरदासांनी हात लांबवून माझ्यावरचा फोन घेतला आणि बटण दाबले.

"दोन्ही एकाच लॉटचे पाहिजे. दोन लॉटचं सूत एका साडीत गेलं का उन्हात पट्टा दिसते. जोडी सारखी पाहिजे." मग ओमप्रकाशचे "काका, पन यात...", त्यावर अभिजीतचे "एक मिनिट भाऊ", आणि संपले.

समोरच्या खोलीतले बोलणे थांबले आहे. स्वयंपाकघरात प्रणाली काही न बोलता उठली आहे आणि चहा मांडते आहे.